घडी मोडणारे काका

रोह्यापासून पेणपर्यंत जेवढी म्हणून कपाटं, ट्रंका आणि पलंगाखालच्या पेट्या आहेत, त्या सगळ्यांना उभ्या जन्मात एकच खरा वैरी भेटला, आणि तो म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, शैलाचे वडील. मी त्यांना काका म्हणत असे. धाटावच्या एका केमिकल कंपनीत ते शिफ्टला होते, रोह्यात स्टँडमागच्या चाळीत राहत होते, आणि कपडा हा अंगात घालण्यासाठी असतो, या एका मतावर त्यांनी सगळं आयुष्य काढलं. हे मत ऐकायला साधं वाटतं. जरा आजूबाजूला बघा म्हणजे ते किती भयंकर आहे ते कळेल. आपल्याकडे कपडा हा ठेवण्यासाठी असतो. चांगली साडी असते ती ठेवणीतली. नवा शर्ट असतो तो कुणाच्या तरी लग्नासाठी, आणि ते लग्न येईपर्यंत तो पोटावर बसेनासा होतो. नव्या कपड्यांचा खरा उपभोग घेतात त्या डांबराच्या गोळ्या. काकांना ही सगळी व्यवस्थाच मान्य नव्हती. नवा कपडा ज्या दिवशी घरात येईल त्या दिवशी संध्याकाळच्या आत त्याची घडी मोडायची, हा त्यांचा नियम. पेणमधल्या आमच्या मंडळाने हुंड्याविरुद्ध, मानपानाविरुद्ध ढीगभर ठराव केले, पण कुठल्याही कार्यकर्त्याने कुठलाही ठराव इतक्या कडकपणे पाळलेला मी पाहिला नाही.

त्यांच्याकडे त्यांच्या लग्नातला कोट होता. तपकिरी, लोकरीचा, हत्तीच्या कानांसारख्या कॉलरचा. इतर माणसांचा लग्नातला कोट लग्नानंतर फक्त फोटोत राहतो. काकांचा कोट मासळी बाजारात जात असे. रेशनच्या रांगेत उभा राहत असे. थंडीत सायकलवरून नाइटला धाटावला जाऊन सकाळी परत येत असे. आणि वालाच्या शेंगा धरल्या, शेतावर पोपटी लावायचं ठरलं, की सगळ्यात आधी हा कोट तयार. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, कांदे-बटाटे भरायचे, मडकं उपडं घालायचं, भोवती गवत-काटक्या पेटवायच्या, आणि त्या धुरात कोट घालून काका वाकून वाकून जाळ सारखा करताहेत, हे चित्र आमच्या ओळखीच्या सगळ्यांनी पाहिलेलं आहे. "काका, कोटाला धुराचा वास लागेल," असं मी एकदा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी क्रूर बोलले असावे. "लागू दे गो! आपन पोपटी खायची आणि कोटानं घरात बसायचं, व्हय?"

त्यामागे त्यांचा एक सिद्धांत होता. लोक चांगल्या दिवशी चांगला कपडा घालतात, आणि तिथेच चुकतात, असं त्यांचं म्हणणं. "चांगला दिवस आपला आपन चांगला असतो. त्याला कपडा कशाला? वाईट दिवसाला कपडा लागतो." म्हणून चाळीचं पाणी गेलं की काका रेशमी झब्ब्यात. काकूंशी भांडण झालं की काका इस्त्रीच्या धोतरात. एकदा कंपनीत त्यांनी हातमोजे मागितले म्हणून त्यांना मेमो द्यायला ऑफिसात बोलावलं. हातमोजे मागणं हा ज्या कारखान्यात गुन्हा ठरतो त्या कारखान्याबद्दल मी इथे लिहायला लागले तर काका बाजूलाच राहतील, म्हणून आवरते. तर काका मेमो घ्यायला गेले ते रेशमी झब्बा, उपरणं आणि कपाळाला गंध अशा थाटात. साहेबाला वाटलं, हे मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेत. तो उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली, चहा मागवला. मेमो मिळाला तो चहानंतर. "पन मिळाला तो बसून मिळाला," असं काका पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

घरातल्या प्रत्येक शर्टाची पाळी लावलेली असे. ज्याची पाळी हुकली त्याची ते चक्क माफी मागत, आणि सुट्टीच्या दिवशी त्याला अंगात घालून एसटीने नागोठण्याला चहा प्यायला नेऊन आणत. कॉलर झिजली की ती उसवून उलटी शिवायची. उलटीही झिजली की शर्ट बाजारात जायचा थांबे आणि फक्त घरात वापरला जाई. बाह्या गेल्या की बंडी, बंडी विरली की काकूंना चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं. ज्या दिवशी शर्ट फडकं होई त्या दिवशी घरात शिरा. हे दारिद्र्याचं कौतुक नव्हे, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण गरिबीत गोडवा शोधणाऱ्या लेखनाचा मला तिटकारा आहे. काका काही पोटाला चिमटा काढत नव्हते. त्यांना हवा असलेला कपडा ते घेत. फक्त घेतलेल्या कपड्याला ते एकही दिवस फुकट सोडत नव्हते.

पाहुणे म्हणून मात्र ते धोकादायक होते. कुणाच्या घरी गेले की लोक गणपतीची मूर्ती दाखवतात, बाग दाखवतात, हे म्हणत, "कपाट दाखवा." पेणच्या रामवाडीला आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाच्या आधी त्यांनी माझ्या आईला विचारलं, "वहिनी, ठेवणीतलं काय हाय?" आईने मोठ्या अभिमानाने मलमलीत गुंडाळलेला लग्नातला शालू काढला. काकांनी हात पुढे केला नाही, नुसतं लांबून बघितलं. "शेवटचा कधी नेसलात?" आई हसली, म्हणाली, "अहो, हा नेसायला थोडाच आहे? हिच्या लग्नात नेसेन." हिच्या म्हणजे माझ्या. "उलगडा बघू," काका म्हणाले. आईने उलगडला. प्रत्येक घडीवर तो विरून चिरला होता, जणू कुणी पट्टी ठेवून ब्लेड ओढलं असावं. एकदाही न मळता, एकदाही कुठे न अडकता, कपाटात पडल्या पडल्या तो फाटला होता. आई त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने दुसरा, धडका शालू काढला आणि तो नेसून बाजारातून मेथी आणली. वडिलांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कुणाचं काही आहे का आज?"

पण त्यांचा खरा दुष्मन होता फिरता आहेर. वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरात या क्षणी तो आहे, उगीच नाही म्हणू नका. वास्तुशांतीला एक शर्टपीस मिळतो. तो उघडून, डाग-बीग नाही ना ते बघून, पुन्हा घडी घालून आपण मुंजीत देतो. मुंजवाले तो बारशाला देतात, बारसंवाले लग्नात. कापड गावभर हिंडतं, सगळ्यांच्या पाया पडतं, आणि कुणाच्या अंगाला लागत नाही. देणाऱ्याला ते नको असतं, घेणाऱ्याला नको असतं, तरी दिल्याशिवाय मांडवात पाऊल टाकायची सोय नाही. आम्ही याविरुद्ध पत्रक काढलं होतं, 'आहेर नव्हे, आजार!' काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "कागदानं नाय थांबायचं गो." त्यांची पद्धत वेगळी होती. ते कुणालाही कापड द्यायचे तेव्हा काकूंकडून त्याच्या कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याने तुळशीचं एक इवलंसं पान काढून घ्यायचे. पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून सोडतात तसे ते कापडं सोडायचे, आणि मग बाजारात, एसटीत, कंपनीच्या गेटवर लोकांच्या अंगाकडे बघत राहायचे. "एक पन पान अंगावर दिसलं नाय अजून," असं दर भेटीला सांगायचे. चेष्टेने सांगायचे, पण चेहरा चेष्टेचा नसे.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं ते आमच्याच रामवाडीतल्या दिलीपशी. दिलीप डोलवीच्या कंपनीत कामाला होता, आणि कायम होता. त्या दिवसांत 'कायम' हा शब्द स्थळाच्या बाबतीत रंग, उंची आणि पत्रिका या तिन्हींपेक्षा मोठा होता. शिवाय शैलाला तो मनापासून आवडला होता, आणि त्यालाही शैला. त्याला वडील नव्हते. कारभार त्याच्या मामांच्या हातात. मामा म्हणजे ताठ मान, पांढरा सफारी, बोटात पुष्कराज. तारीख नक्की करायला मामा पहिल्यांदा रोह्याला आले, ते स्टँडवरून वाट काढत मासळी बाजारातून आले, आणि तिथे त्यांना होणारे व्याही दिसले. लोकरी कोटात, हातात सुकटीची पिशवी, कोळणीशी हुज्जत घालताना.

ते दृश्य मामांच्या डोक्यातून गेलं नाही. साखरपुड्याला त्यांनी काकांना सफारीचं कापड दिलं, राखी रंगाचं, बारीक रेघेचं, कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हे शिवा. आता तरी नीट कपडे घाला." सगळे हसले. काकाही हसले. पण ज्या माणसाने आयुष्यात कुठलं पाकीट संध्याकाळपर्यंत बंद ठेवलं नाही, त्याने ते पाकीट उघडलं नाही. ते ट्रंकेवर तसंच पडून राहिलं.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना मामांनी मला रस्त्यात गाठलं. "तू त्यांच्याकडे जाते ना? मग निरोप सांग. मांडवाच्या दारात व्याही त्या कोटात उभे दिसले, तर आमचा टेम्पो तिथूनच मागे फिरणार. आमची चार माणसं मुंबईची येतायत. आम्हाला शोभा नको."

"मामा, लग्न कोटाशी लावताय का?" मी म्हणाले. "बापाने काय घालावं हेही मुलाकडचे ठरवणार? उद्या त्यांनी काय खावं ते ठरवाल."

"तू गप गो, पत्रकवाली. निरोप सांग म्हटलं तर निरोप सांग."

मी दिलीपला गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मी बोललो मामांशी. मनानं चांगले हायत, पन एकदा बोलले की मागं येत नाय. वडील गेल्यावर त्यांनीच शिकवलंय मला. मी काय करू, तू सांग." मी जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रोह्याला पोचले तेव्हा काका तांब्यात निखारे घालून उपरण्यावर फिरवत होते. इस्त्री होती घरात, पण उपरण्याला तांब्याच आवडतो असं त्यांचं मत होतं. कोट खिडकीत हँगरला टांगलेला होता. त्याची बटणं नवी लावली होती, कोपराला आतून नवं अस्तर दिलं होतं. मुलीच्या लग्नासाठी तो तयार होता. मी निरोप सांगितला. जसाच्या तसा, माझ्या शिव्या वगळून.

"कोट नाय तर लग्न नाय, असं म्हनाले?"

"उलट. कोट असेल तर लग्न नाही."

काकांचा हात थांबला. तांब्या उपरण्यावर तसाच राहिला. करपल्याचा वास आला तेव्हा काकूंनी धावत येऊन तो उचलला. हातातला कपडा करपू देणारे काका मी त्याआधी पाहिले नव्हते. आतल्या दारात शैला उभी होती. ती रडत नव्हती, नुसती दाराची कडी काढत होती आणि घालत होती. मी म्हणाले, "काका, घाला कोट. बघू कसा टेम्पो फिरवतात. आम्ही मंडळाची सगळी पोरं घेऊन येतो, रस्त्यात बसतो." कडीचा आवाज थांबला. काकांनी शैलाकडे बघितलं, मग कोटाकडे. आणि उठून त्यांनी ट्रंकेवरचं पाकीट घेतलं.

"मोडतो घडी," एवढंच म्हणाले.

काकूंनी कापड चटईवर पसरलं. पसरता पसरता त्यांचा हात कोपऱ्यावर अडखळला. त्यांनी पदराने डोळे पुसले, कोपरा खिडकीच्या उजेडात धरला आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. मी वाकून बघितलं. रंग जरा उडाला होता. पण पान होतं. हिरव्या दोऱ्याचं, तुळशीचं.

काकूंनी रेघ ओळखली. काकांनी कधीकाळी आपल्या फोरमनच्या वास्तुशांतीला दिलेलं कापड होतं ते. फोरमनच्या घरून निघून, कुठली कुठली कार्यं करत, खाडीकडची गावं हिंडत ते पेणला मामांच्या कपाटात पोचलं होतं, आणि तिथून 'आता तरी नीट कपडे घाला' असं म्हणत परत काकांच्याच घरी आलं होतं.

मी नाचायचीच बाकी होते. "झालं! आता मांडवात उभं राहून मीच सांगते. फुकटचं फिरतं कापड देऊन व्याह्यांना नीट राहायला शिकवतात! पत्रकच काढते. आजच."

शैला दारातून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "काढ," ती म्हणाली. "माझं लग्न मोडलं की त्यात तेही लिही. तुझ्याकडं आनखी एक बळी झाला." तिचा आवाज अगदी हळू होता.

आणि काका? काकांनी ते कापड मांडीवर घेतलं होतं. लांबच्या गावाला गेलेलं पोर परत आल्यावर त्याच्या पाठीवरून फिरवतात तसा हात ते त्यावरून फिरवत होते. "आलास व्हय रे?" ते कापडाला म्हणाले. "किती हिंडवला तुला. एकानं पन घातला नाय?" मग काकूंना म्हणाले, "टेलरला सांग, पान आत घालू नको म्हनावं. वरच्या खिशावर येऊ दे. दिसलं पायजे."

दिसलं पाहिजे! हा सूड होता की माया, ते मला तिथे कळलं नाही, आणि शैलालाही कळलं नाही. लग्नाच्या दिवसापर्यंत ती जेवली नाही म्हटलं तरी चालेल. खिशावर पान म्हणजे मांडवात कुणीतरी ओळखणार. ओळखलं की बोलणार. बोललं की मामांचं नाक कापलं जाणार, आणि टेम्पो मागे फिरणार.

चाळीपुढे मांडव होता. काका दारात उभे, अंगात राखी सफारी, खिशावर हिरवं पान. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर. माझ्या पिशवीत पत्रकं होती. ती मी आणली होती, खोटं कशाला बोलू? टेम्पो आला, थांबला, पण फाळका उघडला नाही. आधी मामा एकटे उतरले. त्यांनी काकांना पायापासून वर बघत आणलं. सफारी बघितला, गळ्याचं बटण बघितलं, आणि मग हात वर केला. फाळका उघडला. माझ्या मागे काकूंचा श्वास सुटलेला मी ऐकला. पण खरी गंमत, आणि खरी भीती, आता पुढे होती.

कारण आहेर पुढे ढकलण्याआधी प्रत्येकजण तो उलगडून बघतो. आणि ज्यांनी ज्यांनी हा उलगडून बघितला होता त्यातले निम्मे त्या मांडवात होते. फोरमन पाण्याचा पेला तोंडाला लावणार होते, त्यांचा हात मध्येच थांबला. चाळीतल्या पहिल्या खोलीतल्या वहिनी अक्षता वाटत होत्या, त्यांच्या अक्षता खाली सांडल्या. गुरुजी पूजेचं मांडत होते. त्यांनी मान वर केली, पान बघितलं, आणि इतक्या घाईने मान खाली घातली की नारळ गडगडत गेला. एकेकाची नजर त्या खिशावर जाऊन भाजल्यासारखी परत येत होती. कुणी कुणाकडे बघेना. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्यालाच माहीत आहे, आणि बोललो तर आपणच पकडले जाऊ.

तेवढ्यात मामी पुढे आल्या. त्या बिचाऱ्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशाकडे बोट केलं आणि मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा, कंपनीचा छाप पन कसा वर घेतलाय! ओरिजिनल हाय."

"मुंबईहून मागवलं मुद्दाम," मामा म्हणाले. "व्याही, आवडलं ना?"

माझा हात पिशवीत गेला. समोर नवरीच्या खोलीच्या दारात शैला होती, मुंडावळ्या बांधलेली, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती.

"मामा, खरं सांगू?" काका म्हणाले.

फोरमननी डोळे मिटले.

"इतकी वर्षं या कापडाची वाट बघत होतो. आज अंगाला लागलं."

आणि त्यांनी मामांना मिठी मारली. मामा खूश झाले, त्यांनीही घट्ट मिठी मारली, आणि ते तुळशीचं पान दोन व्याह्यांच्या छातीमध्ये दाबलं गेलं. वाजंत्री सुरू झाली. सगळ्यात मोठ्याने हसत होते ते फोरमन.

मामा पुढच्या ओळीत बसायला गेले तर मधल्या खुर्चीवर कोट बसलेला. नीट, पाठीला टेकून, बटणं लावून. मामांचा चेहरा उतरला. "हे काय?"

"ती खुर्ची भरलीय," काका म्हणाले. "मी आणि ही अंतरपाटाला उभे होतो तवा हाच अंगात होता. त्याला नको बघायला? अंगात घालू नका म्हनालात, मी नाय घातला. बसवू नका असं नाय म्हनालात."

आणि मग बोहल्यावरून कुणीतरी खो खो हसलं. तो दिलीप होता. नवरा मुलगा हसल्यावर मामा काय करणार? ते शेजारच्या खुर्चीवर बसले. अख्ख्या लग्नात त्यांनी तीनदा कोटाकडे रागाने बघितलं, काकांकडे एकदाही नाही.

मी इतकी चिडले होते की जिलबीला हात लावला नाही. पंगती उठल्यावर काकांना गाठलं. "तोंडावर का नाही मारलं त्यांच्या? एवढी संधी!"

"मारून काय झालं असतं गो? शैला परत घरात." ते खिशावरचं पान बोटाने सारखं करत होते. "कापडानं दम धरला इतकी वर्षं. पोरीनं कशाला धरायचा?"

"मुलगी म्हणजे कापड नव्हे, काका."

"नाय ना," ते म्हणाले. "म्हनूनच."

ते मला पटलं असं मी आजही म्हणणार नाही. आहेराविरुद्ध मी तेव्हा जे लिहीत होते तेच आजही लिहिते.

उन्हं उतरली, नवरी निघायची वेळ झाली. उघडी जीप, नागोठण्यावरून पेणपर्यंतचा रस्ता आणि माघाची थंडी. दिवसभर मजेत वावरणारे काका एकदम गर्दीतून बाजूला झाले. मांडवात जाऊन त्यांनी खुर्चीवरचा कोट उचलला आणि सफारीवर चढवला. मामांनी बघितलं, आणि ते जीपकडे वळले. "आता लागंल," एवढं काका पुटपुटले. वाईट वेळेला कपडा लागतो, हे त्यांनी आम्हाला शेकडो वेळा हसत सांगितलं होतं. जीप सुरू झाली तेव्हा शैला कुडकुडत होती, थंडीने की कशाने ते तिलाच ठाऊक. काका जीपबरोबर चार पावलं चालले, चालता चालता कोट काढला आणि तिच्या शालूवर टाकला.

"बाबा, तुम्हाला थंडी वाजंल."

"मला सफारी हाय."

सफारी त्यांनी पुढे मनसोक्त वापरला. कंपनीत, बाजारात, मामांच्या साठीला, मामांच्या शेजारी बसून. कोपरं गेली, मग पॅन्टची अर्धी चड्डी झाली, आणि शेवटी उरलेल्या कापडाची काकूंनी मला पिशवी शिवून दिली, पत्रकं ठेवायला. पान बाहेरून.

काका गेले ते फार दिवस अंथरुणाला न खिळता. बाराव्या-तेराव्याला गेलेल्या माणसाचे कपडे कुणाला तरी द्यायचे असतात. काकूंनी कपाट उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. आत काही नव्हतं. पाकिटातला शर्टपीस नाही, ठेवणीतलं धोतर नाही, डांबराची गोळी नाही. रिकामे हँगर होते आणि एक भांडं उतरवायचं फडकं. जे होतं ते त्यांनी सगळं घालून संपवलं होतं. गुरुजी म्हणाले, "राहू दे वहिनी." गुरुजींच्या अंगात त्या दिवशी नवा कोरा शर्ट होता, आणि त्यांच्या कॉलरखाली मला हिरव्या दोऱ्याचं टोक दिसलं.

रामवाडीला सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा बायकांची रांग लागते. थंडीच्या दिवसांत कुणी शाल घेतं, कुणी नवऱ्याचा स्वेटर. शैला साडीवर लोकरी कोट घालून येते, हत्तीच्या कानांच्या कॉलरचा, बाह्या दुमडलेला. कळशी भरेपर्यंत हात खिशात घालून उभी राहते. मी एकदा म्हणाले, "अगं, आता तरी एकदा ड्रायक्लीनला दे. धुराचा वास येतो अजून."

तिने कॉलर नाकाशी धरली.

"येऊ दे," म्हणाली, आणि कळशी उचलली.